धुरानं गेलेली माणसं

आत्तींनी मला विचारलं तेव्हा मी अंगणात जोंधळे पाखडत होते. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या समोर येऊन बसल्या, सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाल्या, "वैजंता, सर्जाशी तुझा पाट लावायचा म्हणतोय आम्ही."

माझे हात थांबले. सूप मांडीवर तसंच राहिलं.

सर्जेराव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा, कारण मी दहावी झालेली होते आणि त्या घरात त्याचं फार कौतुक होतं. आता तो चांगला दांडगा गडी झाला होता. माझे मालक जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं. आमच्या भावकीत तरण्या विधवेचा दिराशी पाट लावायची रीत होती. पाटाला मांडव लागत नाही, वाजंत्री लागत नाही. भावकीतली मोठी माणसं बसतात, थोरला माणूस सुपारी फोडतो, आणि दोघं नवराबायको होतात. सुपारी फुटली की शब्द फिरत नाही. नवऱ्या मुलानं तिथं हजर असावं असंसुद्धा नाही, भावकीचा शब्द पुरतो.

आत्ती बोलत होत्या. सून घरची घरात राहील, माझ्या लेकीला, प्राजूला, बाप मिळेल, जमिनीला धनी मिळेल, सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. पण खरं कारण त्यांनी शेवटी सांगितलं.

"सर्जा आता दुकानावर जायाचा न्हाई. मी त्याला तसं बोलून घेतलंय. धुरानं एक पोरगा नेला माझा, दुसरा मी देणार न्हाई."

हा धूर काय ते सांगायला हवं. आमचं गाव विट्याच्या पलीकडं, खडकाळ माळावर. पाऊस आला तर आला. म्हणून आमच्याकडची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. मोडीचे दागिने तेजाबात टाकायचे, त्यातून तांबूस धूर उठतो, तो नाकातोंडात जातो. पार वारंगलपासून आसामपर्यंत आमच्या लोकांची दुकानं. पोरं मिसरूड फुटायच्या आत जायची, जत्रेला आणि दिवाळीला गावाकडं यायची, लग्न करून बायको इथं ठेवून परत जायची. धूर वाईटच, खोटं कशाला बोलू. दात किडतात, छाती भरते. त्यामुळं कुणी वाळून परत आला, खोकायला लागला, अंगावर फोड उठले की गाव एकच म्हणायचं, "धूर बसला त्याला." मग तूप-गूळ चारायचा, लिंबाच्या पाल्याचं पाणी अंगावर घालायचं. माणूस गेला की "धुरानं गेला" म्हणायचं. डॉक्टरकडं कोण नेतंय आणि नेलं तरी त्याचं कोण ऐकतंय.

माझे मालक बाजीराव असेच परत आले. आत्तींनी त्यांना महिनोन्‌महिने तूप-गूळ चारला. मी मात्र हट्ट करून त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बसवलं, दार लावलं आणि सांगितलं की हा धूर नाही, एड्स आहे. मग माझं रक्त घेतलं, प्राजूचं घेतलं. प्राजू सुटली होती. मी नव्हते सुटले.

मालकांनी माझे पाय धरले. नवऱ्यानं बायकोचे पाय धरावेत असा त्यांचा स्वभाव नव्हता, पण धरले. एकच मागणं होतं, आईला कळू द्यायचं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या दिवशी त्यांचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटत होतं. पण मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी गप्प बसले. गाव म्हणालं धुरानं गेला, मी म्हटलं बरं, धुरानं तर धुरानं. माझं दुखणं माझ्यापाशी राहील आणि मी प्राजूला वाढवीन, एवढंच मी ठरवलं होतं.

आणि आता ही बाई, जिनं मला लेकीसारखं वागवलं, आपल्या उरलेल्या पोराला धुरापासून वाचवायला निघाली होती आणि उचलून माझ्या पदरात टाकत होती.

"मला लगीन करायचं न्हाई, आत्ती," मी म्हटलं.

"ते सगळ्याच म्हणत्यात पहिल्यांदा." त्या उठल्या. "आईतवारी श्रीपतीतात्यांना बोलावलंय सुपारी फोडायला."

मी त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघितलं. सर्जा मला भावासारखा आहे म्हटलं. त्याला नवी कोरी पोरगी बघा म्हटलं. आत्ती हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्यासारखी मला कुठं मिळायची. माहेरी जाते म्हटलं, तर त्यांचा चेहरा एवढासा झाला आणि प्राजूला छातीशी धरून त्या बसून राहिल्या. माहेरी तरी कोण होतं माझं? भाऊ-भावजय. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला गोठ्यातसुद्धा ठेवलं नसतं. खरं बोलावं तर हे घर सुटतंय, कदाचित पोरगीही सुटतेय. गप्प राहावं तर सर्जा मरतोय. दुसरी वाट नव्हती. मी त्या दिवसांत भाकरी थापायचे आणि करपवायचे.

शेवटी मी सर्जालाच गाठायचं ठरवलं. तो रानात म्हशीच्या छपरावर पाचट टाकत होता. मी खालून पेंढ्या वर देत राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "भावजी, आत्तींनी तुम्हाला विचारलं का?"

"व्हय."

"मग?"

"आई म्हणंल तसं." तो माझ्याकडं बघत नव्हता. पोराचे कान लाल झाले होते. त्याला हे लग्न नको होतं हे मला दिसत होतं, पण आईचा शब्द तो मोडणार नव्हता. दादाच्या माघारी वहिनीला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणायला नको, एवढाच त्याचा विचार.

मग मी त्याला सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टरीणबाई, माझं रक्त. तो शब्दसुद्धा उच्चारला. माझ्या मनाची तयारी होती की तो चिडेल, मेलेल्या भावाला बदनाम करतेय म्हणेल, कदाचित अंगावर धावून येईल. तो शिडीवरून खाली उतरला आणि मातीत बसला.

"वैनी," तो म्हणाला, "मी पहिल्यांदा दुकानावर गेलो तवा दादानं मला एकदा तसल्या वस्तीत संगं न्हेलं हुतं. मला नगं वाटत हुतं. तो म्हणाला, अरं सगळी जात्यात, बायको गावाकडं असली की माणसानं काय करायचं."

तो रोग सर्जाच्या अंगात आधीच असू शकतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी इतके दिवस त्याला माझ्यापासून वाचवायच्या मागं होते. मला तिथं उभं राहवेना, मीही खाली बसले. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात, पण मी त्या दिवशी माझ्या मालकांना मोजून शिव्या दिल्या. सर्जा ऐकत होता. त्यानं मला थांबवलं नाही.

नंतर त्यानं दवाखान्याची चौकशी केली. केसपेपर कुठं काढायचा, कुठल्या खोलीत जायचं, रक्त देताना नाव खरं सांगावं लागतं का. मी सांगितलं. तो परत शिडी चढला आणि उरलेलं पाचट टाकून खाली आला. आईतवारी सकाळी उठून बघते तर त्याचं अंथरूण गुंडाळलेलं आणि तो पहिल्या एसटीनं गेलेला. आत्तींना वाटलं कापडं आणायला गेला असंल. त्या खुशीत होत्या. मला मात्र वाटलं, गेला. आता हा कशाला परत येतोय.

दुपारी भावकी आली. श्रीपतीतात्या मधोमध बसले. तात्या माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी स्वतः उमेदीपासून गलाईचं दुकान चालवलं होतं आणि गावातल्या अनेक पोरांना त्यांनीच धंद्याला लावलं होतं. त्यांच्याबरोबर त्यांची सून अंजना आली होती, आमच्या चुलीपाशी हाताखाली. नवी पोर, गरोदर होती, पाचवा-सहावा महिना असेल. तिचा नवरा धनाजी गेल्या जत्रेला घरी आला तो परत गेलाच नव्हता. धूर बसलाय, विश्रांती घेतोय, असं सांगायचे.

मी चहा टाकला. बाहेर ताटात हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी, सुपारी मांडली होती. सर्जा नाही म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. तात्यांनी आत्तींना विचारलं, "करायचं न्हवं?" आत्ती म्हणाल्या, "करा." तात्यांनी अडकित्ता उघडला.

मी पदर सावरला आणि उंबऱ्याच्या बाहेर आले. आमच्याकडं सून अशी पुरुषांच्या बैठकीत येत नाही. सगळे बघायला लागले.

"तात्या, सुपारी फोडू नका."

"का गं?" तात्या रागावले नाहीत. त्यांना वाटलं असेल, लाजतेय.

"मालक धुरानं गेले न्हाईत. त्यांना एड्स झाला हुता. मलाबी हाय. दवाखान्यात रक्त तपासलंय माझं."

एसटी स्टँडवर त्या रोगाच्या पाट्या लावलेल्या होत्या, टीव्हीवर सांगायचे. शब्द सगळ्यांना माहीत होता. पण आपल्या अंगणात, आपल्या घरच्या बाईच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. माझ्याजवळ बसलेला एकजण नकळत मागं सरकला. ते मला फार लागलं.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सूनबाई, मेलेल्या माणसावर असं बोलू नये. बाजीला धूर बसला हुता, हे आख्खं गाव जाणतंय. मी चाळीस वर्षं धूर खाल्लाय, मला शिकवू नको."

"चाळीस वर्षं खाल्लाय आणि तुम्ही बसलाय न्हवं ठणठणीत माझ्यापुढं," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं, इतका आवाज मला आहे हे मला ठाऊक नव्हतं. "मग आमची पोरंच कशी दहा वर्षांत जात्यात? आणि कलावती कशानं गेली तात्या? तुमच्या भावाची सून. तिचा नवरा धुरानं गेला म्हणालात, तिचा दिराशी पाट लावलात, ती सुपारीबी तुम्हीच फोडली. मग ती वाळली, मग तो दीर वाळला. कलावतीनं जन्मात गलाईचं दुकान बघितलं न्हवतं. ती विट्याच्या पुढं कधी गेली न्हाई. तिला कुठला धूर बसला?"

कलावतीला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही सगळ्याच तिच्या मयताला गेलो होतो, धुरानं गेली म्हणून रडलो होतो, आणि एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की बाईला धूर बसेल कसा. माझ्याही नव्हतं आलं, दवाखान्यात जाईपर्यंत.

तात्यांचा चेहरा बदलला. गोष्ट त्यांना कळली होती, आणि कळली म्हणूनच ते चवताळले. "मग तू कुठनं आणलंस?" ते म्हणाले. "नवरा परमुलखात, तू हितं एकटी. बाजीला तूच दिलं न्हाईस कशावरनं?"

खरं सांगते, ह्याची मला कल्पना होती. गावात असंच बोललं जाणार हे मी धरून चालले होते. तरी ऐकल्यावर मी भिंतीला हात लावला. चुलीपाशी अंजना उभी होती, पोटावर हात ठेवून, पांढरीफटक. तात्यांना मी तिथंच विचारू शकत होते की तुमच्या घरात धनाजी कशानं खोकतोय. ओठावर आलेलं मी गिळलं, त्या पोरीकडं बघून.

तेव्हा आत्ती उठल्या.

त्यांनी आयुष्यात कधी तात्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की वर मान करून बोलल्या नव्हत्या. त्या आल्या आणि माझ्या अन् तात्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तिला बोल लावू नका. लग्न झाल्यापास्नं ती माझ्या अंथरुणाशेजारी झोपलीया. रानात माझ्यासंगं, पाण्याला माझ्यासंगं. तिचं मला सगळं ठावं हाय." त्यांचा श्वास लागला होता. "आणलं ते माझ्या पोरानं आणलं. माझ्या बाजीनं. त्याला मी पोटात वाढवलाय, मी सांगतीया."

आईनं हे म्हणावं. ज्या पोराच्या फोटोला त्या रोज हार घालायच्या, त्याच्यावर चारचौघांत हे म्हणावं. मला रडू फुटलं. वर्षभर मी त्यांच्यापासून जे झाकलं होतं, ते त्यांनी एका क्षणात अंगावर घेतलं होतं.

आत्तींनी वाकून ताटातली सुपारी उचलली आणि कनवटीला लावली. मग म्हणाल्या, "चहा घ्या."

चहा कुणी घेतला नाही. एकेकानं चपला घातल्या. आमच्या घरचा चहा, दूध आमच्याच म्हशीचं, त्याला साय धरली तरी कपाला कुणी हात लावला नाही. अंजना जाताना माझ्याकडं वळून बघत होती, तात्यांनी तिला पुढं घातलं.

दुसऱ्या दिवशी सर्जा परत आला. त्यानं दारातूनच सांगितलं, "न्हाई निघालं. अजून एकदा यायला सांगितलंय." मग आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. आत्ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याशी मात्र त्या बोलत नव्हत्या. माझं ताट वेगळं केलं नाही, पाण्याला शिवू नको म्हटलं नाही, पण बोलत नव्हत्या. मी विचार केला, चारचौघांत माझी बाजू घेतली, आता घरात काय ते सांगतील. मी माझी आणि प्राजूची कापडं पिशवीत भरून ठेवली.

ती पिशवी त्यांना दिसली. मग त्या फुटल्या.

"मला का न्हाई सांगितलंस? मी त्याला तूप-गूळ चारत बसले. दवाखाना सोडून मी तूप-गूळ चारत बसले."

"त्यांनी शपथ घातली हुती, आत्ती."

"त्याची शपथ मोठी आणि मी कोण?" असं म्हणून त्यांनी पिशवी उपडी केली आणि माझी लुगडी परत दांडीवर टाकली. एवढंच. त्यानंतर ह्या घरात मी कुठं जाणार हा विषय परत निघाला नाही. आज आत्ती नाहीत. मी आहे, गोळ्या खाते, राबते, ह्याच घरात आहे.

गाव मात्र फिरलं. नळावर माझी घागर लागली की बायका आपल्या बाजूला घ्यायच्या. प्राजूला अंगणवाडीत वेगळं बसवलं. सर्जाला बघायला येणारं एक स्थळ वेशीवरूनच परत गेलं. आणि सगळ्या गावात तात्यांनी पसरवलं की बाजीची बायको खोटारडी आहे, पाट चुकवायला तिनं हे सोंग काढलं. मला राग यायचा, पण त्यात मला एक समाधानही होतं. सर्जा जिवंत होता, दुसऱ्या तपासणीतही त्याचं काही निघालं नव्हतं. मरेल तेव्हा म्हाताऱ्या वयात मरेल.

मग एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. मागचं दार आमच्या परड्यात उघडतं, तिथून शेणकूर टाकायला बाहेर जायचं, पाव्हणा माणूस तिथून येत नाही. मी दार उघडलं तर श्रीपतीतात्या. डोक्याला पटका नव्हता. त्यांच्या मागं अंजना, पदरानं तोंड झाकून.

आत्ती आतून आल्या. तात्यांना बघून त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"धनाजी उठत न्हाई आता," तात्या जमिनीकडं बघत म्हणाले. "तूप-गूळ चाललाय." ज्या माणसानं मला अंगणात तो प्रश्न विचारला होता, तो आता माझ्याकडं मागायला आला होता. "ती म्हणतीया, पोटातल्याचं काय. सारखी तेच म्हणतीया. वैजंता, त्या दवाखान्यात हिला घेऊन जाशील का?"

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लपवत नाही. जा की आता धुराचं औषध घेऊन, असं म्हणावंसं वाटलं. पण अंजनानं पदर बाजूला केला. वीस वर्षांचीही नसेल. "अक्का," ती म्हणाली, "पोटातल्या पोराला वाचवायचं काही असतंय का?"

"असतंय," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, बाळंतपणाच्या आधी कळलं तर गोळी देतात, बरीचशी पोरं सुटतात. "वेळेत गेलं तर असतंय. चल. मी लुगडं बदलते."

तात्यांनी सुस्कारा टाकला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "कुणाला कळू देऊ नका तेवढं. स्टँडवर एकत्र जाऊ नका. कुणी विचारलं तर बाळंतपणाची तपासणी म्हणा. आणि आलो तसं हितनंच, परड्यातनं..."

आत्तींनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. त्या पुढं झाल्या, परड्याचं दार लावलं, कडी घातली. मग माजघर ओलांडून गेल्या आणि रस्त्याकडचं मोठं दार सताड उघडलं. बाहेर पारावर माणसं बसली होती, नळावर बायका होत्या. सगळ्यांच्या माना वळल्या.

"झाकून ठेवलं म्हणूनच कलावती गेली, तात्या," आत्ती म्हणाल्या. "मागच्या दारानं आलासा ते आलासा. आता पोरींना पुढनं जाऊ द्या."

अंजनाचा हात गार पडला होता. मी तो धरला आणि आम्ही दोघी उंबरा ओलांडून रस्त्यावर आलो.